कामावर कोण कुठली भाषा बोलतं? ब्रूक्सच्या निमित्ताने कॅनडाच्या जनगणना-तक्त्यांचं परीक्षण

सेवा: स्टॅटिस्टिक्स कॅनडा या तिथल्या सरकारी आकडेवारी खात्याच्या संकेतस्थळावरचे ‘कामाची भाषा’ आणि ‘उद्योग’ यांचे तक्ते, जनगणना २०२१. किंमत: फुकट. गुण: पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कशाने गेला ते किरकोळ आहे, पूर्ण एक गुण कशाने गेला ते मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे.

कॅल्गरीहून ट्रान्स-कॅनडा हायवेने आग्नेयेला निघालं की साधारण दोन तासांत ब्रूक्स लागतं. २०२१ ची लोकसंख्या १४,९२४. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी शहर म्हणणार नाही, पण कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात २००५ पासून त्याला शहराचा दर्जा आहे. गावाबाहेर गोमांसाचा मोठा कारखाना आहे आणि गावाची सगळी भाषिक गंमत त्या कारखान्याभोवती फिरते. १९९० च्या दशकात कारखाना वाढला आणि स्थानिक माणसं अपुरी पडली. मग अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांतून लोक आले, मग सुदान, सोमालिया, इथिओपियातून निर्वासित म्हणून कॅनडात पोचलेले आले, पुढे तात्पुरत्या परवान्यावर फिलिपिन्समधून आले. ‘शंभर हॅलोंचं शहर’ हे बिरुद त्यातूनच चिकटलं. कारखान्याचे मालक बदलत गेले, २०१३ पासून तो जेबीएस या मांसउद्योगातल्या बड्या कंपनीकडे आहे. आकडेवारीच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही, कारण तक्त्यात मालकाचं नाव नसतं, उद्योगाचा संकेतांक असतो.

अशा गावात सुरक्षा-प्रशिक्षण देणाऱ्याला, दुभाषे पुरवणाऱ्याला, दवाखान्याला किंवा माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला एकच साधा प्रश्न असतो: कुठल्या उद्योगात कुठल्या भाषेची माणसं आहेत आणि किती? या प्रश्नाला फुकट आणि अधिकृत उत्तर देणारी जगात फार थोडी सरकारं आहेत. आपल्या जनगणनेत मातृभाषा आणि येत असलेल्या आणखी दोन भाषा विचारतात, तिथेच विषय संपतो. भिवंडीच्या यंत्रमागावर दोन कामगार आपसात काय बोलतात हे त्यातून काढता येत नाही. कॅनडाच्या जनगणनेत २००१ पासून कामाच्या भाषेचा वेगळा प्रश्न आहे. म्हणून आधी कौतुक, मग तक्रारी.

पहिली तक्रार हीच की हा प्रश्न मुळात तुमच्या-आमच्यासाठी घातलेला नाही. तो इंग्रजी-फ्रेंच या सरकारी दुहेरी संसारासाठी आहे. क्युबेकमध्ये दुकानात, बँकेत, कारखान्यात फ्रेंच टिकून आहे का, न्यू ब्रन्सविकमध्ये काय चाललंय, हे ओटावातल्या केंद्र सरकारला पाहायचं असतं. त्यामुळे तक्त्याची सगळी मांडणी ‘इंग्रजी, फ्रेंच आणि उरलेल्या’ अशी आहे. ब्रूक्समध्ये तर सगळा प्रश्न ‘उरलेल्या’ या एकाच रकान्याचा. नवखा माणूस कामाच्या भाषेचा तक्ता उघडतो, ‘सर्वात जास्त वापरली जाणारी भाषा’ निवडतो, जवळपास सगळीकडे इंग्रजी पाहतो आणि म्हणतो, ‘इथे तर भाषेचा प्रश्नच नाही!’ तिथेच तो फसतो.

कारण प्रश्न नेमका काय विचारला होता ते पाहा. २०२१ च्या फॉर्मवर आधी विचारलं की या कामात ही व्यक्ती नियमितपणे कोणकोणत्या भाषा वापरायची, आणि मग त्यांतली सर्वात जास्त कोणती. आता मांस कापण्याच्या लाइनवर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. कानात प्लग, डोक्यावर हेल्मेट, एका हातात चाकू, दुसऱ्या हाताला स्टीलच्या बारीक कड्यांचा जाळीदार मोजा, समोरून तुकडे सरकत येताहेत, आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागावा. तिथे काम चालतं ते खुणांवर. चाकू बोथट झाला, लाइन थांबव, जरा मागे सर, या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या असतात. सुपरवायझर बोलतो ती इंग्रजी. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर फिलिपिन्सची टॅगालॉग, पलीकडच्या टेबलावर सोमाली. हा माणूस फॉर्मवर काय लिहील? बहुतेक वेळा ‘इंग्रजी’, कारण कामाची भाषा म्हणजे साहेबाची भाषा असंच त्याला वाटतं. जेवणाच्या टेबलावरची भाषा तो कामात धरेलच असं नाही. त्यात फॉर्म घरातल्या एकानेच सगळ्यांच्या वतीने भरलेला असू शकतो, म्हणजे बायकोच्या कामावरची भाषा नवरा सांगतोय किंवा उलट.

म्हणून या तक्त्यांचा खरा उपयोग हवा असेल तर ‘सर्वात जास्त’ हा रकाना सोडा आणि ‘नियमितपणे वापरलेल्या सर्व भाषा’ हा घ्या. आणि त्याला जोडूनच मातृभाषा किंवा घरात बोलली जाणारी भाषा विरुद्ध उद्योग असा तक्ता घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की चित्र उघडतं. मातृभाषेच्या तक्त्यात एखाद्या उद्योगात टॅगालॉग भरघोस आणि कामाच्या तक्त्यात नगण्य असेल, तर त्याचा अर्थ ती माणसं तिथे आहेत पण कामाचा व्यवहार इंग्रजीत चालतो. दोन्हीकडे ठळक असेल, तर त्या ठिकाणी मुकादम किंवा शिफ्टचा प्रमुखही त्याच भाषेचा असण्याची शक्यता मोठी. पहिल्या ठिकाणी इंग्रजी वर्ग लावण्यात अर्थ आहे, दुसऱ्या ठिकाणी भाषांतरित साहित्य आधी हवं.

तक्ता प्रत्यक्ष कसा काढायचा

पहिली पायरी भूगोलाची, आणि निम्मे लोक इथेच घसरतात. ‘ब्रूक्स’ हे नाव यादीत दोनदा येतं. एक ब्रूक्स म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीतलं शहर. दुसरं ब्रूक्स म्हणजे शहर आणि त्याला जोडून काउंटी ऑफ न्यूएल, डचेस, बॅसानो, रोझमेरी असा समूह. २०१६ मध्ये शहर होतं १४,४५१ चं आणि समूह २४,६६२ चा. फरक दहा हजारांचा, आणि तो साधासुधा नाही: समूहात शेती येते, शहरात ती जवळजवळ नाही. शेतीतल्या भाषा हव्या असतील तर समूह घ्या, कारखाना आणि हॉटेलं हवी असतील तर शहर पुरे. खात्री करायची तर नावावर जाऊ नका, संकेतांक बघा. शहरांचा संकेतांक सात आकडी असतो. पहिले दोन प्रांताचे (अल्बर्टा ४८), पुढचे दोन जनगणना-विभागाचे (ब्रूक्स ०२ मध्ये येतं), शेवटचे तीन त्या गावाचे.

दुसरी पायरी: ‘सेन्सस प्रोफाइल’ उघडा. यात एका गावाची सगळी माहिती एका लांबलचक पानावर मिळते, भाषा, उद्योग, शिक्षण, सगळं. पण इथे भाषा वेगळी आणि उद्योग वेगळा. दोन्हींचा छेद नाही. म्हणजे गावात अमुक जण टॅगालॉग बोलतात आणि अमुक जण उत्पादन क्षेत्रात आहेत इतकं कळतं, उत्पादन क्षेत्रातले टॅगालॉगवाले किती हे कळत नाही. तरी प्रोफाइल आधी बघायचं ते बेरजा ताडून पाहण्यासाठी. पुढे छेदाच्या तक्त्यातली एकूण संख्या प्रोफाइलशी जुळत नसेल, तर आपण चुकीचा भूगोल किंवा चुकीची लोकसंख्या निवडली आहे असं समजावं.

तिसरी पायरी: छेदाचा तक्ता. २०२१ चे सगळे तक्ते ९८-१० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे आहेत. शोधपेटीत ‘कामाची भाषा’ आणि ‘उद्योग’ यांचे इंग्रजी शब्द टाकले की डझनभर तक्ते येतात. प्रत्येकाचं शीर्षक तीन-तीन ओळींचं. कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचा, कारण तक्ता कुठल्या पातळीपर्यंत खाली जातो ते शेवटी लिहिलेलं असतं. ‘कॅनडा, प्रांत आणि टेरिटरी’ इतकंच असेल तर ब्रूक्स त्यात नाही, पुढे जा. नियम सरळ आहे: भाषांची यादी जितकी लांब, तितका भूगोल मोठा. दोनशेहून जास्त भाषा आणि छोटं गाव एकाच तक्त्यात फुकट मिळेल अशी आशा धरू नका.

उद्योगांची वर्गवारी २०१७ च्या उत्तर अमेरिकी पद्धतीची आहे. वीस मोठे विभाग: ११ शेती, २३ बांधकाम, ३१-३३ उत्पादन, ४४-४५ किरकोळ विक्री, ४८-४९ वाहतूक आणि गोदामं, ६२ आरोग्य आणि सामाजिक सेवा, ७२ हॉटेल-रेस्टॉरंट, वगैरे. छोट्या गावाच्या तक्त्यात बहुधा एवढंच मिळतं. मांसप्रक्रियेचा चार आकडी संकेतांक ३११६ आहे, पण तो मोठ्या भूगोलाच्या तक्त्यात सापडतो. ब्रूक्ससारख्या ठिकाणी त्याने फार अडत नाही. तिथलं ‘उत्पादन’ म्हणजे व्यवहारात मांस.

चौथी पायरी: तक्त्यावरचे फिल्टर. लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष+’ आणि ‘स्त्रिया+’ असं दिसेल. ते अधिकचं चिन्ह छपाईची चूक नाही, नॉनबायनरी (स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी काहीच न म्हणवणाऱ्या) व्यक्तींना दोन गटांत वाटून घेतल्याची ती खूण आहे. छोट्या गावासाठी ‘एकूण’ घ्या, तुकडे पाडू नका. मग सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्ता-फाइल) उतरवा. फक्त निवडलेला भाग उतरवा, पूर्ण तक्ता नको. पूर्ण तक्त्याच्या ओळी एक्सेलच्या १०,४८,५७६ या मर्यादेपलीकडे सहज जातात आणि मग एक्सेल खालचा भाग कापून टाकतं. ब्रूक्स नेमकं कापलेल्या भागात असेल तर ‘या तक्त्यात ब्रूक्स नाहीच’ असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा होतो.

फाइल उघडली की आणखी एक खड्डा. संकेतस्थळावर भाषा कुळांनुसार आत-आत सरकवलेल्या दिसतात: बिगर-सरकारी भाषा, त्यात बिगर-आदिवासी, त्यात ऑस्ट्रोनेशियन, त्यात टॅगालॉग. सीएसव्हीत ही उतरंड डोळ्यांना दिसत नाही. आजोबा, बाप आणि नातू एका रांगेत उभे. पिव्होट टेबल (एक्सेलची गटवार बेरजेची सोय) टाकून सरसकट बेरीज केली की एकच माणूस चार वेळा मोजला जातो. आधी शेजारी एक रकाना वाढवून प्रत्येक ओळीची पातळी लिहा, मग फक्त सर्वात आतली पातळी बेरजेला घ्या.

एकच उत्तर आणि अनेक उत्तरं यांचंही तसंच. कामावर इंग्रजी आणि टॅगालॉग दोन्ही वापरणारा ‘इंग्रजी आणि बिगर-सरकारी भाषा’ या जोडगटात जातो. पुष्कळ तक्त्यांत त्या जोडगटात ती बिगर-सरकारी भाषा कुठली हे सांगितलेलंच नसतं. त्यामुळे फक्त ‘टॅगालॉग’ची ओळ घेतली तर कामावर टॅगालॉग वापरणाऱ्यांचा मोठा वाटा सुटतो. पूर्ण एक गुण कापला तो इथे. ब्रूक्सच्या प्रश्नाचं खरं उत्तर या जोडगटात दडलेलं आहे आणि फुकटच्या तक्त्यात तो फोडता येत नाही.

आकडा किती खरा धरायचा

कामाचा आणि उद्योगाचा प्रश्न लांब फॉर्मवर असतो आणि लांब फॉर्म दर चार घरांपैकी एका घराला जातो, बाकीच्यांना छोटा. म्हणजे तक्त्यातला प्रत्येक माणूस साधारण चार माणसांच्या वतीने बोलतो. सेलमध्ये २० दिसले तर मागे खरी उत्तरं जेमतेम पाच. त्यावर आणखी गुप्ततेसाठी रँडम राउंडिंग होतं: आकडे ५ किंवा १० च्या पटीत कधी वर, कधी खाली सरकवले जातात, एकूण बेरजाही वेगळ्या सरकवल्या जातात. त्यामुळे रकान्यातले आकडे मिळवले तर खालच्या बेरजेशी जुळत नाहीत. ही चूक नाही, आणि ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये.

अंदाजासाठी एक ढोबळ युक्ती: आकड्याला तीनने गुणा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. तेवढी इकडे-तिकडे ढिलाई धरा. २० साठी ती साधारण १५ येते, म्हणजे खरा आकडा ५ ते ३५ मध्ये कुठेही. १०० साठी ३५. ४०० साठी ७०. प्रत्यक्षात ढिलाई याहून जास्तच असते, कारण नमुना माणसांचा नाही, घरांचा आहे, आणि एका घरातली चार माणसं बहुधा एकाच भाषेची असतात. एक सोमाली घर नमुन्यात आलं की आकडा उडी मारतो, सुटलं की कोसळतो. त्यामुळे छोट्या गावात ५० च्या खालच्या सेलवर कुठलाही खर्च ठरवू नये. ‘आहे’ एवढंच त्यातून घ्यावं.

आणि ‘नाही’ तर घेऊच नये. भाषांच्या लांब यादीत मराठी आणि कोंकणी वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत, हे आपल्याला बरं वाटणारं. पण ब्रूक्सएवढ्या गावात मराठीसमोर शून्य दिसलं तर त्याचा अर्थ मराठी माणूस नाही असा होत नाही. दोन मराठी घरं असतील आणि दोन्हींना छोटा फॉर्म आला असेल, किंवा एकाला लांब आला आणि आकडा सरकवताना शून्याकडे गेला. उलट १० दिसलं म्हणजे दहा मराठी माणसं असंही नाही. मंडळ स्थापन करायची घाई नको.

सेलमध्ये आकड्याऐवजी खुणा असतील तर त्या शून्य समजून बेरजेत घालू नका. ‘एक्स’ म्हणजे गुप्ततेसाठी झाकलेलं, ‘एफ’ म्हणजे छापण्याइतकं विश्वासार्ह नाही, दोन टिंबं म्हणजे त्या काळासाठी उपलब्ध नाही, तीन टिंबं म्हणजे लागूच नाही. एक्सेलला हा फरक कळत नाही.

तक्त्यात कोण नाहीच

लांब फॉर्मचे तक्ते खासगी घरांतल्या लोकांचे असतात. कामगार-छावण्या, हॉटेल, मोटेल, वसतिगृहं यांत राहणारे त्यात नाहीत. कारखान्याचे कामगार भाड्याच्या घरात तिघे-चौघे मिळून राहत असतील तर ते येतात, मोटेलच्या खोल्यांत ठेवले असतील तर सुटतात. कामाच्या परवान्यावर आलेले परदेशी मात्र जनगणनेत धरले जातात, याबद्दल उगाच शंका घेतली जाते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बहुतेक तक्ते माणूस राहतो कुठे त्यावर आहेत, कामाला जातो कुठे त्यावर नाहीत. मेडिसिन हॅट या जवळच्या शहरात राहून ब्रूक्सला शिफ्टला येणारा मेडिसिन हॅटच्या खात्यात पडतो. कारखान्याच्या फाटकावर कुठल्या भाषेची पाटी लावायची हे ठरवायचं असेल तर कामाच्या ठिकाणाचा तक्ता पाहिजे. तो असतो, पण त्यात भाषेचा तपशील कमी.

तिसरी गोष्ट काळाची. जनगणनेचा दिवस ११ मे २०२१. नोकरी विचारली ती २ ते ८ मे या आठवड्यातली, आणि त्या आठवड्यात काम नसेल तर १ जानेवारी २०२० पासूनची सर्वात लांब चाललेली. दोन नोकऱ्या असतील तर जास्त तासांची एक. म्हणजे दिवसा कारखान्यात आणि रात्री हॉटेलची साफसफाई करणारा फक्त कारखान्यात दिसतो, हॉटेलच्या रकान्यातून गायब. शिवाय तो कोविडचा काळ, रेस्टॉरंटं कधी उघडी कधी बंद. ७२ क्रमांकाच्या विभागातले आकडे पाहताना हे डोक्यात हवंच. उद्योगाचे काही तक्ते ‘त्या आठवड्यात श्रमशक्तीत असलेल्यांचे’ असतात आणि कामाच्या भाषेचे ‘जानेवारी २०२० पासून कधीतरी काम केलेल्यांचे’. ही दोन माणसं सारखी नाहीत. एकाच्या आकड्याला दुसऱ्याच्या बेरजेने भागून टक्केवारी काढू नका.

२०१६ शी तुलना करायची असेल तर आणखी सांभाळून. तेव्हा प्रश्नाचा क्रम उलटा होता: आधी सर्वात जास्त वापरली जाणारी भाषा, मग आणखी काही वापरता का. २०२१ मध्ये आधी सगळ्या भाषा, मग त्यांतली मुख्य. लोकांना आधी ‘सगळ्या सांगा’ म्हटलं की ते जास्त सांगतात, हे कुठल्याही सर्वेक्षण करणाऱ्याला विचारा. त्यामुळे पाच वर्षांत कामावरची बहुभाषिकता वाढलेली दिसली तर त्यातला काही भाग फॉर्मचा आहे.

नावांच्या गोंधळाचं एक उदाहरण देतो, कारण ते दक्षिण अल्बर्टाचं खास आहे. तिथल्या टेबर गावाच्या बाजूला मेक्सिकोहून आलेले मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतीत आहेत. त्यांची बोली प्लाउटडीच, म्हणजे उत्तरेकडच्या सखल जर्मनचा एक प्रकार. फॉर्मवर कोणी ‘जर्मन’ लिहिलं की ती जर्मनमध्ये जाते. तेवढ्यावर विसंबून एखाद्याने शेतमजुरांसाठी प्रमाण जर्मनमध्ये पत्रकं छापली तर ती किती जण वाचतील? कोकणातल्या मालवणी माणसाला विदर्भातल्या सरकारी मराठीत कीटकनाशकाची सूचना द्यावी, त्याहून अवघड प्रकार.

यातूनच सेवेची सर्वात मोठी उणीव समोर येते, जी प्रत्यक्षात जनगणनेची उणीव नाही, वापरणाऱ्याच्या अपेक्षेची आहे. जनगणना बोलण्याबद्दल विचारते, वाचण्याबद्दल नाही. सरकारी भाषेच्या ज्ञानाचा प्रश्नही ‘संभाषण करण्याइतकी येते का’ असाच, आणि उत्तर स्वतःच द्यायचं. इथिओपियाच्या बाजूच्या अम्हारिक आणि तिग्रिन्या दोन्ही गीझ लिपीत लिहितात, पण भाषा वेगळ्या, एकीचं पत्रक दुसरीला चालत नाही. सोमालीला रोमन लिपी अधिकृतपणे १९७२ मध्ये मिळाली. पंजाबी भारतातून आलेला गुरुमुखी वाचतो, पाकिस्तानातून आलेला शाहमुखी. दक्षिण सुदानची डिंका बोलणाऱ्यांत आपली भाषा लिहिता-वाचता न येणारे पुष्कळ. म्हणजे तक्त्याने भाषा सांगितली तरी पाटी छापायची, चित्र लावायचं की आवाजी सूचना द्यायची, हे तक्ता सांगत नाही.

त्यासाठी स्वतःच्या आवारात तीन प्रश्नांची चिठ्ठी फिरवावी: घरी कुठली भाषा बोलता, कुठल्या भाषेत सहज वाचता, आणि शेजारी काम करणाऱ्याशी कुठल्या भाषेत बोलता. नाव नको, विभाग आणि शिफ्ट तेवढी लिहा. दोन्ही शिफ्टमध्ये वाटा, कारण रात्रीच्या शिफ्टची भाषा दिवसाच्या शिफ्टशी जुळत नाही हे अशा कारखान्यांत नेहमीचं आहे. तक्त्याचा उपयोग मग उलट्या बाजूने करा: चिठ्ठीतून आलेलं चित्र गावाच्या चित्राशी जुळतं का, एखादी भाषा गावात दिसते आणि चिठ्ठ्यांत अजिबात नाही असं तर झालं नाही ना? झालं असेल तर त्या लोकांपर्यंत चिठ्ठी पोचलेलीच नाही किंवा त्यांनी ती वाचता न आल्याने खिशात घातली.

उरलेला अर्धा गुण कशाने गेला? संकेतस्थळ फक्त इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे, शोधपेटी हवा तो तक्ता पहिल्या पानावर देत नाही आणि कामाच्या भाषेचे आकडे जनगणनेनंतर तब्बल अठरा महिन्यांनी, ३० नोव्हेंबर २०२२ ला आले. २०२१ नंतरची जनगणना १२ मे २०२६ ची. तोच वेग धरला तर ब्रूक्सचं नवं चित्र २०२७ च्या अखेरीशिवाय हाती येत नाही. वापराचे हक्क मात्र मोकळे आहेत: स्रोताचा उल्लेख केला की आकडे आपल्या अहवालात, जाहिरातीत, कुठेही वापरता येतात, परवानगी मागावी लागत नाही.

फुकटचे तक्ते पुरले नाहीत तर खास तक्ता पैसे देऊन करून मिळतो. व्यक्तिनिहाय नमुना-फाइलचा पर्याय काही जण सुचवतात, पण त्यात प्रांत आणि मोठी महानगरंच वेगळी दिसतात, ब्रूक्स नाही. खास तक्ता मागवताना अर्जात या गोष्टी न विसरता लिहाव्यात: भूगोल (शहर की समूह), राहण्याचं ठिकाण की कामाचं, कुठली लोकसंख्या (श्रमशक्ती की जानेवारी २०२० पासून काम केलेले), उद्योग किती आकड्यांपर्यंत, आणि जोडगट फोडून हवेत की नकोत. भाषांची यादी आपणच छोटी करून द्यावी, सहा-सात भाषा आणि बाकी ‘इतर’. दोनशे भाषा मागितल्या तर पैसे जातील आणि हातात शून्यांचं शेत येईल.